‘शानिया’ नव्हे, ‘शनाया’

प्रश्न असा: कंट्री गायिका शानिया ट्वेन हिच्या नावाचा अर्थ ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी भाषेत ‘मी वाटेला लागले आहे’ असा सांगतात, तो खरा का? आणि मराठीत तिला ‘लोकगायिका’ म्हणावं का?

आधी नाव सुधारा. ‘शानिया’ हे रोमन अक्षरं पाहून केलेलं लेखन आहे. उच्चारात ‘श’ ऱ्हस्व आणि आघात ‘ना’वर, म्हणजे सरळ आपलं ‘शनाया’. इतकं सोपं असताना जिथे तिथे ‘शानिया’ वाचावं लागतं, याचा वैताग येतो.

मूळ नाव आयलीन. सावत्र वडील जेरी ट्वेन ओजिब्वे जमातीचे होते. १९९३च्या पहिल्या आल्बमआधी कंपनीला नवं नाव हवं होतं. वडिलांचं आडनाव तिनं सोडलं नाही, पहिलं नाव बदललं.

पण ‘मी वाटेला लागले’? या अर्थात ‘मी’ कुठे आहे, ते आधी दाखवा. ओजिब्वेत साध्या विधानात ‘मी’ क्रियापदाच्या पुढ्यात चिकटतो: ‘माजा’ म्हणजे तो किंवा ती निघते, ‘निमाजा’ म्हणजे मी निघते. दुसऱ्या वाक्याला जोडलेल्या रूपात हा ‘नि’ गळतो, पण मग शेवटी ‘यान’ येतो: ‘माजायान’, मी निघते तेव्हा. ‘शनाया’त ना सुरुवातीचा ‘नि’, ना शेवटचा ‘यान’. बाळांच्या नावांचे कोश हा अर्थ एकमेकांकडून उतरवून घेतात. व्याकरण उघडून पाहायची तसदी त्यांनी घेतलेली दिसत नाही.

नादानं जवळचा ओजिब्वे शब्द हवाच असेल, तर तो आहे ‘झूनिया’. इथला ‘झ’ म्हणजे घोष ‘श’. अर्थ चांदी, आणि पैसाही! आपला ‘रुपया’सुद्धा रूप्यातून, म्हणजे चांदीतूनच आला. शेजारच्या क्री भाषेत पैशाला ‘सोनियाव’ म्हणतात. मात्र ‘सोनियाचा दिनु’ आठवून लगेच नातं जोडू नका. आपलं सोनं ‘सुवर्ण’मधून आलं आहे. माझा तर्क असा, की ‘झूनिया’सारखा काही शब्द कानावर पडल्यामुळेच ‘शनाया’ला ओजिब्वे ठरवलं गेलं असावं. स्वर जुळत नाहीत हे कबूल; पण रोमनमधलं ‘इया’ इंग्रजी वाचणाऱ्याच्या तोंडी ‘आया’ होणं मुळीच अवघड नाही, आणि ‘वाटेला लागले’पेक्षा हा धागा कितीतरी पक्का आहे.

राहिली ‘लोकगायिका’. नको. लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो. ‘कम ऑन ओव्हर’ (१९९७) या आल्बमची गाणी तिनं आणि मट लँगनं मिळून लिहिली, आणि हा लँग रॉक संगीताचा निर्माता. कंट्री हा अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचा धंदेवाईक गीतप्रकार आहे. तो ओळखू येतो फिडल, स्टील गिटार, बँजो यांवरून. २००२च्या ‘अप!’मध्ये हे लख्ख ऐकू येतं: १९ गाणी, गळा तोच, साथ मात्र तीन तऱ्हांची. हिरव्या तबकडीत कंट्री वाद्यं, लाल तबकडीत पॉप, आणि निळीत भारतीय ढंगाची तालवाद्यं आणि वाद्यवृंद, ज्यांचं ध्वनिमुद्रण मुंबईत झालं. मराठीत ‘कंट्री गायिका’ हेच लिहा. हिरवी आणि निळी तबकडी मात्र लागोपाठ ऐका, एकच गाणं निवडून.