‘हाइव्ह सिटी’साठी मराठीत कोणता शब्द?

प्रश्न असा आहे: एका विज्ञानकथेतल्या ग्रहावर जिकडेतिकडे कारखाने आणि डोंगराएवढी उभी शहरं आहेत. मूळ इंग्रजीतल्या ‘हाइव्ह सिटी’चं भाषांतर ‘पोळेनगर’ केलंय आणि ठाण्याच्या वाचकाला ते खटकतंय. चूक कुठे?

आधी ‘नगर’. कोशात नगर म्हणजे शहर. पण वर्तकनगर, किसननगर, लोकमान्यनगर या पाट्या रोज वाचणाऱ्याच्या लेखी नगर म्हणजे शहराचा एक तुकडा. पोळेनगर त्याला शेअर रिक्षाचा थांबा वाटणारच.

मग ‘पोळे’. अनेकवचनात प्रत्यय लावून बघा. मधाचं पोळं, बैलांचा पोळा आणि जेवणातली पोळी, तिघांची गाडी ‘पोळ्या’पाशीच येऊन थांबते. ‘दहा कोटी लोक पोळ्यांत राहत होते’ हे वाक्य कितीही गंभीर प्रसंगात टाका, वाचक हसेल. ‘मोहोळ’ घेतलं तर हा घोळ टळतो, पण चित्र उलटं होतं. आग्या मोहोळ फांदीला किंवा कड्याला लोंबतं, खालच्या बाजूला वाढतं. कथेतलं शहर जमिनीतून वर चढलेलं आहे.

म्हणून मी ‘वारूळ’ सुचवेन. मुंग्यांचं म्हणतो आपण, बांधते मात्र वाळवी. मातीचे सुळके वर, राणीची खोली खाली, मध्ये हवा खेळवणारी भुयारं. बाहेरची हवा विषारी झालेल्या शहराला याहून जवळची उपमा नाही. शिवाय ‘आयत्या बिळावर नागोबा’ मागोमाग येतोच: खालच्यांनी राबायचं आणि वरच्यांनी ऐसपैस राहायचं, या कथांचा गाभा तोच.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. वारूळ, वारूळशहर यांत रू दीर्घ. वारुळात, वारुळाचा, वारुळं यांत ऱ्हस्व. पहिल्या उल्लेखात ‘वारूळशहर’ लिहा, पुढे नुसतं ‘वारूळ’ पुरे.

‘लेव्हल’साठी मजला नको, मजला एका इमारतीचा असतो. शंभर-दोनशे मजल्यांच्या गठ्ठ्याला ‘थर’ म्हणा. ठाणेकराला दहीहंडी आठवेल, आठवू द्या. वरच्यांचा भार खालच्यांच्या खांद्यावर, हेच तर सांगायचंय.

‘ओव्हरक्राउडेड’चं ‘गर्दीचं’ करू नका. गर्दी ठाणे स्टेशनवर संध्याकाळी होते आणि रात्री ओसरते. दाटी ओसरत नाही. हाँगकाँगच्या काउलून तटबंदी वस्तीत, १९९३-९४मध्ये ती पाडण्याआधी, जेमतेम अडीच हेक्टरांत तीसेक हजार माणसं राहत होती. ती दाटी.

राहिला ग्रह. ‘औद्योगिक वसाहतींचा ग्रह’ म्हटलं की ठाणे-बेलापूर रस्त्यावरची एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. सरळ ‘कारखान्यांचा ग्रह’ लिहा.