जुन्या सुझानीतली फुले शिवणीवर का जुळत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, जुन्या उझबेक सुझानीत, म्हणजे रेशमाने भरलेल्या मोठ्या सुती कापडात, मोठ्या फुलाचे दोन अर्धे भाग शिवणीवर नीट जुळत नाहीत आणि त्यांचा लाल रंगही वेगळा दिसतो, तर ही कारागिरीतली चूक समजावी का. मी स्वतः भरतकाम करते, आणि माझ्या मते सुझानीत सर्वांत आधी पाहावी ती हीच जागा.

फारसीत सुईला ‘सोझन’ म्हणतात. सुझानी हे नाव त्यावरून आले. बुखारा, समरकंद, शहरिसब्ज, नुराता या भागांत मुलीच्या लग्नासाठी घरातल्या बायका ही कापडे भरत. आपल्याला रुखवत आठवावे अशीच ही प्रथा, पण काम वर्षानुवर्षांचे. हातमागाच्या सुती कापडाचा पन्हा अरुंद असल्याने काही पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून सलग पट करीत, त्यावर ‘कलमकश’ म्हणजे नक्षी रेखाटणारी जाणती स्त्री आराखडा काढी, आणि मग टाके उसवून त्या पट्ट्या वेगवेगळ्या हातांत जात. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, रेशीमही निरनिराळ्या वेळी रंगवलेले. त्यामुळे भरलेल्या पट्ट्या पुन्हा जोडल्या की फूल थोडे सरकलेले दिसे.

‘बास्मा’ हा टाका मला विशेष आवडतो. त्यात रेशमाचा लांब धागा आकारावर आडवा टाकतात आणि परतताना त्याच धाग्याने बारीक टाके घालून तो जागच्या जागी दाबतात. बहुतेक रेशीम दर्शनी बाजूस राहते, आणि महागडे रेशीम वाया जात नाही. साखळी टाक्याला तिकडे ‘युर्मा’ म्हणतात.

नक्षी प्रांतानुसार बदलते. नुरात्याच्या कामात मध्ये तारा, चार कोपऱ्यांत फुलांचे झुबके आणि भोवती मोकळी जमीन असते, तर ताश्कंदच्या ‘पलक’मध्ये मोठ्या लाल चक्रांनी कापड जवळजवळ झाकून जाते. (पलक म्हणजे आकाश.)

मात्र केवळ न जुळणाऱ्या नक्षीवरून वय ठरवू नये, कारण हाताने भरलेल्या नव्या सुझानीही पट्ट्यांवर होतात. रंग पाहा: मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा जुन्या कामात मुरलेला दिसतो, तर भडक जांभळा किंवा नारिंगी दिसला, तर ते काम बहुधा 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आल्यानंतरचे असते.