विमानाच्या रेडिओवरील बोलणे इतके खरखरीत का असते, आणि ते स्पष्ट करण्यासाठी काय करता येते?

आपण विचारले आहे की, मोबाइलवर समोरच्याचा उसासासुद्धा ऐकू येत असताना वैमानिक आणि नियंत्रक यांचे रेडिओवरील बोलणे अजूनही खरखरीत का, आणि ते सुधारायचे तर नेमका कोठे हात घालावा. लहान प्रशिक्षण विमानांचे रेडिओ आणि हेडसेट यांची देखभाल हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की बोलणे बिघडते ते बहुतेक वेळा मायक्रोफोनपाशी, आणि तेथे शिरलेला गोंगाट पुढे कितीही महागडे यंत्र बसवले तरी पुरता निघत नाही.

तरीही आधी रेडिओविषयी, कारण दोष त्यालाच दिला जातो. हे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीने, म्हणजे रेडिओलहरीची ताकद कमीजास्त करून, चालते. लहरीची कंपनसंख्या बदलणारे एफएम अधिक स्वच्छ ऐकू येते हे खरे. पण त्यात दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि आणखी कोणी बोलत होते याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये अशा वेळी कर्कश शिट्टी येते आणि दोन संदेश आदळल्याचे निदान कळते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांच्या दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. त्याआधी नियंत्रकाची थांबण्याची सूचना आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा पॅन अ‍ॅमचा संदेश एकमेकांवर आदळले आणि उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएमच्या कॉकपिटमध्ये अशा शिट्टीमुळे नीट पोचले नाहीत. शिट्टी ऐकूनही रेडिओवर पुन्हा विचारणा झाली नाही, ही गोष्ट वेगळी. अरबी समुद्रावरील लांबच्या टप्प्यांसारख्या ठिकाणी आता डेटालिंकने लेखी संदेशही जातात, पण विमानतळाजवळ क्षणाक्षणाला सूचना बदलतात आणि तेथे आवाजाला पर्याय नाही.

या रेडिओतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या वर्णांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत स्वर तेवढा ऐकू आला तर दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ असे उच्चार ठरवून दिलेले आहेत. मिनिटाला १०० शब्दांहून वेगाने बोलू नये असाही आंतरराष्ट्रीय संकेत आहे. गर्दीच्या वेळी तो किती पाळला जातो, हे न विचारलेले बरे.

आता मायक्रोफोन. विमानाच्या हेडसेटचा मायक्रोफोन दोन्ही बाजूंनी उघडा असतो. इंजिनाचा आवाज दुरून येत असल्याने तो दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारख्याच दाबाने पोचतो आणि आपोआप वजा होतो; ओठांतून निघालेला आवाज मात्र एकाच बाजूवर जोरात आदळतो, म्हणून तो उरतो. ही सगळी करामत अंतरावर अवलंबून आहे. मायक्रोफोन ओठांपासून पाव इंचाच्या आत हवा. तो हनुवटीखाली घसरला किंवा दांडीवर उलटा फिरला की बोलणेच वजा होऊ लागते आणि गोंगाट पुढे जातो. ‘रेडिओ खराब आहे’ अशी नोंद असलेल्या विमानात मी आधी हेच पाहतो. काही मायक्रोफोनांवर गेन, म्हणजे सिग्नल किती पटींनी मोठा करायचा ते प्रमाण, वाढवण्याचा बारीक स्क्रू असतो. आवाज कमी जातो म्हणून तो पिळला, तर बोलण्याबरोबर इंजिनही मोठे होते.

हे सांभाळल्यावर इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेला अर्थ येतो. बोलण्यात स्वर बलवान आणि व्यंजने दुबळी असतात. सर्वांत जोरकस स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्या शक्तीत शेकडो पटींचा फरक पडतो, पण शब्द ओळखायला उपयोग अधिक व्यंजनांचा होतो. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या सायको-अकूस्टिक (ध्वनी आणि श्रवण यांचा अभ्यास करणाऱ्या) प्रयोगशाळेत जे. सी. आर. लिकलायडर यांनी यावर काम केले. स्वरांची शिखरे छाटून उरलेला सिग्नल पुन्हा वाढवला, तर तेवढ्याच शक्तीच्या ट्रान्समीटरवर व्यंजने वर येतात. १९४८ साली त्यांनी आणि त्यांचे सहसंशोधक पोलॅक यांनी दाखवले की छाटण्याआधी उच्च कंपनसंख्या उचलून धरल्या, तर शिखरे जवळजवळ पूर्ण छाटूनही शब्द बहुतांशी कळतात. ऐकायला हा आवाज चिरका लागतो. मात्र ही प्रक्रिया दुबळ्या व्यंजनांबरोबर दुबळा गोंगाटही उचलते, म्हणून ती चांगल्या मायक्रोफोनच्या मागेच शोभते.

कानाकडची बाजू आता बरीच सुधारली आहे. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलेली कल्पना, म्हणजे कानातील गोंगाटाच्या विरुद्ध लहर सोडून तो मारणे, १९८९ पासून वैमानिकांना विकत मिळू लागली. इंजिनाची खालची घरघर तिने चांगली जाते. वरच्या कंपनसंख्यांसाठी मात्र कानावरची गादीच कामी येते, तेव्हा ती फाटू देऊ नये.

याच बाजूला एक दुर्लक्षित गोष्ट आहे, साइडटोन, म्हणजे वैमानिकाला हेडसेटमध्ये ऐकू येणारा स्वतःचा आवाज. तो मोठा ठेवला की माणूस नकळत हळू आवाजात बोलू लागतो, आणि नियंत्रकाला पुसट आवाज मिळतो. त्यामुळे मायक्रोफोन जागेवर असूनही ‘आवाज कमी येतो’ अशी तक्रार राहिली, तर गेनच्या स्क्रूला हात लावण्याआधी साइडटोन थोडा उतरवून पाहावा आणि मगच नियंत्रकाकडून रेडिओ-चाचणी घ्यावी.