आमचा रस्ता खासगी आहे म्हणून पालिका खड्डे बुजवत नाही, मालमत्ता कर मात्र पूर्ण घेते. मग आम्हाला पालिकेच्या कोणत्या सेवा मिळायला हव्यात?

तुम्ही मुंबई उपनगरात राहता असं लिहिलंय, म्हणून मुंबईपुरतंच सांगतो. मी अशाच एका गल्लीत सव्वीस वर्षं राहतोय. चार इमारती आणि शेवटाला भिंत. त्यातली सहा वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे कागद हाताखालून गेलेत.

‘रस्ता खासगी आहे’ हे एकदा ऐकलं की माणसं सगळ्याच गोष्टींवर पाणी सोडतात. आमच्याकडे कचऱ्याची गाडी नाक्यावरच थांबायची आणि आम्ही बादल्या घेऊन तिथवर जायचो. खासगी रस्ता, मग काय करणार, असंच सगळे धरून चालले होते. शेवटी मी मुकादमांना विचारलं, तेव्हा कळलं की आमच्याच गाड्या दुतर्फा उभ्या असल्यामुळे कचऱ्याच्या गाडीला वळायला जागा नव्हती. सकाळी एक बाजू मोकळी ठेवायला लागलो आणि गाडी आत यायला लागली. रस्त्याच्या मालकीचा तिथे संबंधच नव्हता.

रस्ता खासगी असण्याचा परिणाम तीन-चार गोष्टींवर होतो: वरचं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक, पावसाच्या पाण्याची गटारं, दिवे आणि झाडलोट. घराघरांतून कचरा उचलणं हे घनकचरा नियमांप्रमाणे पालिकेचंच काम आहे. फक्त तुमच्या संकुलाचा कचरा दिवसाला 100 किलोंच्या वर जात असेल, तर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी तुमची. पाण्याचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलंय. मग रस्ता कोणाचा यावरून तुमचं पाणी कसं अडेल? मात्र मुख्य जलवाहिनीपासून तुमच्या मीटरपर्यंतचा नळ तुमचा. तो गल्लीखाली फुटला, तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. अग्निशमन दल आणि डासांची फवारणी यांना मालकी आड येत नाही. पण गल्लीतली झाडं मात्र दोन्हीकडून सांभाळावी लागतात. 1975 च्या झाडांच्या कायद्यामुळे खासगी जागेतल्या फांदीलाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि परवानगी मिळाली की छाटणीचा खर्च आपलाच. पावसाळ्याआधी हा अर्ज विसरू नका. आमच्या इथे एक गुलमोहोर रिक्षावर पडला होता. सुदैवाने आत कोणी नव्हतं.

आता कराबद्दल. तुमचा राग मला पूर्ण कळतो. बिलात ‘पथकर’ नावाची वेगळी ओळच असते, आणि आपल्या दारात खड्डे असताना ती वाचली की जिवाला लागतं. पण वॉर्ड ऑफिसात हा मुद्दा घेऊन भांडू नका, मी ते करून पाहिलंय. कर म्हणजे एखाद्या सेवेची किंमत नव्हे. गल्लीच्या तोंडाशी जो रस्ता लागतो तो त्याच पैशांतून होतो, आणि तो तुम्हीही रोज वापरता.

त्यापेक्षा आधी रस्ता खरोखर खासगी आहे का ते पाहा. नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेच्या सीटीएस (म्हणजे नगर भूमापन) क्रमांकाचं मालमत्ता पत्रक, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ती नोंद, काढा आणि पालिकेकडून डीपी रिमार्क घ्या, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा काय म्हणून दाखवली आहे याचा दाखला. कधी तो विकास आराखड्यातला रस्ता निघतो. तसं असेल तर मालकाला जागा पालिकेला देऊन त्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच भूखंडावर जादा बांधकाम) घेता येतो, आणि त्याचं मन वळवणं सोपं जातं. कधी जमीन म्हाडासारख्या दुसऱ्याच यंत्रणेची असते आणि आपण वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभे असतो. रस्ता पालिकेच्या यादीत आहे की नाही, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात विचारता येतं.

खासगीच निघाला, तर 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातली कलमं 305 आणि 306 शांतपणे वाचा. 305 प्रमाणे खासगी रस्ता धड नसेल, तर सपाटीकरण, फरसबंदी, गटारं, दिवे ही कामं करा अशी नोटीस आयुक्त देऊ शकतात, आणि ती रस्त्यालगतच्या मिळकतींच्या मालकांना येते. म्हणजे तुम्हालाच. 306 मध्ये पुढची वाट आहे. ही कामं पूर्ण झाली, दिव्यांची सोय झाली आणि त्या जमिनीचा शासकीय महसूल थकलेला नसला, की मालकांपैकी कोणाच्याही मागणीवरून तो रस्ता सार्वजनिक घोषित करता येतो. तिथून पुढे डागडुजी पालिकेची. आधी आपल्या खर्चाने नीट करायचा आणि मग सोपवायचा, हे अन्यायाचं वाटतं खरं. पण दुरुस्तीवर दर दोन वर्षांनी पैसे ओतत राहण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं.

आमची गाडी कायद्यापाशी अडलीच नाही. अडली ती गेटपाशी. एकदा रस्ता सार्वजनिक झाला की गेट काढावं लागतं, वॉचमन कोणाला अडवू शकत नाही, आणि ‘आमची पार्किंगची जागा’ असं काही उरत नाही. खड्डे पालिकेने बुजवावेत आणि गेट आपलं राहावं, असं दोन्ही मिळत नाही. मी सार्वजनिक करण्याच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. शेवटच्या इमारतीत दोन आजोबा डायलिसिसला जातात, त्यांना घेऊन रिक्षावाले आत यायला तयार नसत. माझ्या दृष्टीने तेवढं कारण पुरेसं होतं.

दुसरं भांडण खर्चाच्या वाटणीचं. वाटणी फ्लॅटच्या संख्येवर करायची की रस्त्याला लागून असलेल्या लांबीवर? आम्ही चार बैठकांनंतर फ्लॅटच्या संख्येवर आलो, आणि नाक्यावरच्या दोन दुकानांनी थोडे जास्त दिले. हे आधीच लिहून, चारही सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत ठराव करून घ्या. तोंडी होकार ठेकेदाराचं पहिलं बिल येईपर्यंतच टिकतो.

आमच्या मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकांचं नाव आहे. ते हयात नाहीत, आणि पाच वारसांपैकी तिघांच्या सह्या झाल्यात. तोवर डांबर आम्ही घातलंय आणि दिव्यांचं बिल चार सोसायट्या मिळून भरतात. तुमच्या पत्रकावर कोणाचं नाव निघतं ते इथे कळवा. बिल्डरचं असेल तर तुमचा पहिला अर्ज वेगळा लिहावा लागेल, तो कसा लिहायचा ते सांगतो.