वाचकांचे प्रश्न : आंद्रेया डोव्हिझियोसो आणि हुकलेले जगज्जेतेपद

इटलीच्या फ्रांचेस्को बान्यायाने 2022 साली डुकाटीवर मोटोजीपीचे, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च गटाचे, जगज्जेतेपद मिळवले. सर्वोच्च गटात इटालियन स्वाराने इटालियन मोटारसायकलवर जगज्जेते होण्याचा योग 1972 साली एमव्ही ऑगस्टावर जिंकलेल्या जाकोमो अगोस्तिनीनंतर थेट तेव्हा जुळून आला. या यशावरील आमच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख मात्र बान्यायाच्या आधी त्याच संघात आठ हंगाम काढलेल्या आंद्रेया डोव्हिझियोसोकडे होता. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षे डोव्हिझियोसो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तिन्ही वर्षी जगज्जेता ठरलेला होंडाचा मार्क मार्केझ त्याच्यापेक्षा श्रेष्ठ होता, एवढेच त्याचे कारण मानायचे का?

उत्तर : 2019 पुरते तसे मानायला हरकत नाही. त्या वर्षी 19 शर्यतींपैकी 18 शर्यतींत मार्केझ पहिला किंवा दुसरा आला. ऑस्टिनला तो पडला, तेवढाच काय तो अपवाद. त्याचे 420 गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या डोव्हिझियोसोचे 269. अशा हंगामात दुसरा येणाऱ्याने काय चुकवले, हे शोधण्यात अर्थ नसतो.

2018 ची गोष्ट वेगळी आहे. कतारची पहिलीच शर्यत डोव्हिझियोसोने 0.027 सेकंदाने जिंकली होती, आणि त्यानंतर मे-जूनमधील चार शर्यतींपैकी तीन शर्यतींत त्याच्या खात्यावर शून्य गुण जमा झाले. हेरेथला तो, होर्हे लोरेन्झो आणि दानी पेद्रोसा एकाच वळणावर एकमेकांत अडकून पडले. त्याचा दोष त्याला देणे योग्य होणार नाही. परंतु ले मांसला नुकतीच आघाडी घेतलेली असताना तो स्वतःच्या चुकीने पडला आणि बार्सिलोनाजवळच्या कातालुन्या सर्किटवरही तसेच घडले. पुढे त्याने ब्रनो, मिसानो आणि व्हॅलेन्सिया येथील शर्यती जिंकल्या, पण तोवर गुणांची दरी भरून निघण्यापलीकडे गेली होती. आमच्या मते त्या वर्षीच्या उत्तरार्धातली डुकाटी ही मैदानातली सर्वांत समतोल मोटारसायकल होती. म्हणूनच मार्केझच्या श्रेष्ठत्वाइतकाच त्या दोन पडझडींचाही हिशेब मांडावा लागतो.

खरी चुरस झाली ती 2017 साली. हंगामाच्या सुरुवातीला डोव्हिझियोसोचे नाव विजेतेपदाच्या चर्चेत कोणी घेतही नव्हते. संघात लोरेन्झो नव्याने आला होता आणि सगळे लक्ष त्याच्याकडे होते. जूनमध्ये मुजेल्लो आणि कातालुन्या या लागोपाठच्या आठवड्यांतील दोन शर्यती डोव्हिझियोसोने जिंकल्या, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रिया आणि सिल्व्हरस्टोन जिंकल्या, आणि सिल्व्हरस्टोनला मार्केझच्या होंडाचे इंजिनच निकामी झाल्यामुळे तो 9 गुणांनी आघाडीवर आला. मिसानोनंतर दोघेही 199 गुणांवर बरोबरीत होते. त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे आहे. आरागोनला मार्केझ पहिला आणि डोव्हिझियोसो सातवा. मोतेगीला भर पावसात डोव्हिझियोसो पहिला आणि मार्केझ दुसरा. फिलिप आयलंडला मार्केझ पहिला आणि डोव्हिझियोसो थेट तेरावा. सेपांगची शर्यत जिंकून त्याने आव्हान जिवंत ठेवले, पण व्हॅलेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीला 21 गुणांच्या पिछाडीने उतरलेल्या डोव्हिझियोसोला शर्यत जिंकूनही भागणार नव्हते, कारण मार्केझ बाराव्या किंवा त्याखालच्या क्रमांकावर जाणेही आवश्यक होते. ती शर्यत तो पडून संपली. अंतिम गुण 298 विरुद्ध 261 असे राहिले.

अनेकांच्या लक्षात व्हॅलेन्सियातील ती पडझड राहिली आहे. परंतु गुणतक्ता शांतपणे वाचला तर विजेतेपद आरागोन आणि फिलिप आयलंड या दोनच ठिकाणी गेले असे दिसते. या दोन शर्यतींत मिळून मार्केझने त्याच्यावर 38 गुणांची आघाडी मिळवली आणि हंगामाअखेरचे अंतर होते 37. दोन्ही सर्किटांवर लांबलचक, वेगाने घ्यावी लागणारी वळणे आहेत आणि तेव्हाच्या डुकाटीचे दुखणे नेमके तेथेच होते. या दुखण्याविषयी पुढील उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : व्हॅलेंटिनो रोसीसारख्या स्वारालाही डुकाटी वश झाली नाही, असे वाचले आहे. मग डोव्हिझियोसोने तिच्यावर जम कसा बसवला? बान्यायाच्या यशात त्याचा वाटा आहे का?

उत्तर : रोसीने 2011 आणि 2012 असे दोन हंगाम डुकाटीवर काढले आणि त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. 2013 साली डोव्हिझियोसो त्याच्या जागी आला तेव्हा कोणी त्याचा हेवा केला नाही. तो त्याआधी होंडाच्या अधिकृत संघात होता. तेथे 2009 साली डोनिंग्टनच्या ओलसर सर्किटवर त्याने सर्वोच्च गटातील पहिला विजय मिळवला होता आणि 2011 मध्ये तो एकूण तिसराही आला होता, तरी त्या संघात त्याला पुढे जागा उरली नाही. 2012 हे वर्ष त्याने यामाहाच्या टेक3 या उपसंघात, म्हणजे यामाहाच्याच मोटारसायकली चालवणाऱ्या स्वतंत्र संघात, घालवले. डुकाटीवरच्या पहिल्या हंगामात त्याला एकदाही पहिल्या तिघांत येता आले नाही आणि वर्षाअखेरीस तो आठवा राहिला.

त्या मोटारसायकलचे इंजिन कमालीचे ताकदवान होते. अडचण होती ती वळणाच्या मधल्या टप्प्यात. स्वार ब्रेक सोडून मोटारसायकल पूर्ण झुकवतो आणि पुन्हा थ्रॉटल उघडण्यापूर्वी काही क्षण ती केवळ टायरच्या पकडीवर वळत राहते. या क्षणांत डुकाटी आतल्या बाजूला वळण्याऐवजी बाहेर सरकत राहायची. स्वाराने ती जबरदस्तीने वळवायचा प्रयत्न केला की पुढच्या चाकाची पकड सुटण्याची भीती असे. वळण छोटे आणि काटकोनी असेल तर हा टप्पा चटकन संपतो. वळण लांब असेल तर प्रत्येक फेरीत तेथे वेळ वाया जात राहतो.

डोव्हिझियोसोने आपली शैली या दोषाभोवती बांधली. सरळ पट्ट्यात शक्य तितक्या उशिरा ब्रेक लावायचा, वेग झटक्यात उतरवायचा, वळणाचा मधला टप्पा आखूड करायचा, मोटारसायकल लवकर उभी करायची आणि मग इंजिनाची ताकद वापरायची, असा त्याचा क्रम होता. शर्यतीच्या पूर्वार्धात मुद्दाम थोडा सावकाश वेग धरून मागचा टायर वाचवण्याचे कसबही त्याने याच काळात कमावले. त्याच वेळी तो अभियंत्यांना दोष नेमका कोठे आहे हे संयमाने सांगत राहिला. 2013 च्या अखेरीस एप्रिलिया कंपनीतून आलेल्या जीजी दाल्लिन्या यांनी डुकाटीच्या रेसिंग विभागाची सूत्रे हाती घेतली आणि 2015 साली पूर्णपणे नव्याने आखलेली मोटारसायकल मैदानात उतरवली. कतारच्या पहिल्याच शर्यतीत डोव्हिझियोसो तिच्यावर रोसीच्या यामाहामागे अवघ्या 0.174 सेकंदाने दुसरा आला.

विजय मात्र लगेच मिळाला नाही. 2016 च्या अर्जेंटिनातील शर्यतीचा शेवट आम्हाला आजही अस्वस्थ करतो. अखेरच्या फेरीत डुकाटीचे दोन्ही स्वार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर होते आणि अंतिम रेषा अगदी जवळ आली होती. त्या वेळी आंद्रेया इयानोनेने घाईने आत घुसण्याचा प्रयत्न केला आणि दोघेही आडवे झाले. डोव्हिझियोसो उठला, दीडशे किलोंहून अधिक वजनाची ती मोटारसायकल त्याने हाताने ढकलत रेषेपलीकडे नेली आणि तेरावा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी सेपांगला पावसात तो जिंकला, तेव्हा डोनिंग्टनच्या विजयाला सात वर्षे उलटून गेली होती.

बान्यायाने जी मोटारसायकल चालवली ती दाल्लिन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांची निर्मिती आहे, याविषयी दुमत नाही. परंतु 2013 ते 2016 या चार वर्षांत अधिकृत संघात सलग टिकून राहिलेला आणि आधीच्या व नंतरच्या डुकाटीतला फरक आपल्या अंगावर अनुभवलेला स्वार एकच होता. आमच्या मते डोव्हिझियोसोच्या कारकिर्दीचे खरे मोल या चार वर्षांत आहे. उपविजेतेपदाची तीन वर्षे हे त्या कष्टाचे फळ होते.

प्रश्न : डोव्हिझियोसो 04 हा क्रमांक का वापरत असे?

उत्तर : त्याचा मूळ क्रमांक 34 होता. अमेरिकेचा केव्हिन श्वांट्झ हा त्याचा आदर्श आणि 34 हा श्वांट्झचा क्रमांक. याच क्रमांकावर डोव्हिझियोसोने 2004 साली 125 सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले आणि 2006 व 2007 मध्ये 250 सीसी गटात लोरेन्झोच्या मागे दुसरा क्रमांक पटकावला. परंतु श्वांट्झच्या निवृत्तीनंतर सर्वोच्च गटातून 34 हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवण्यात आला होता. त्यामुळे 2008 साली मोटोजीपीत येताना डोव्हिझियोसोला तीनाचा आकडा सोडावा लागला.

प्रश्न : अखेरच्या वळणावर मार्केझला हरवणारा स्वार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तेथे नेमके काय घडत असे?

उत्तर : मार्केझची पद्धत सर्वांना ठाऊक होती. शेवटच्या फेरीपर्यंत मागे चिकटून राहायचे आणि अखेरच्या वळणावर आतल्या बाजूने मुसंडी मारायची. समोरचा स्वार घाबरून वळणाच्या बाहेरच्या बाजूला गेला की शर्यत त्याची. डोव्हिझियोसो अशा वेळी घाबरत नसे. मार्केझ इतक्या उशिरा ब्रेक लावून आत येईल तर त्याला वळणाच्या बाहेर सरकावेच लागेल, आणि तो सरकला की आतली वाट मोकळी होईल, हे गणित त्याच्या डोक्यात पक्के होते.

ऑस्ट्रियातील रेड बुल रिंगवर 2017 साली असेच झाले. शेवटच्या उजव्या वळणावर मार्केझ आत घुसला, त्याची होंडा डगमगत बाहेर फेकली गेली, आणि तोवर आपली मोटारसायकल सरळ करून थ्रॉटल उघडलेला डोव्हिझियोसो आतून पुढे निघून गेला. जाता जाता त्याने मार्केझच्या दिशेने हात झटकला. इतक्या शांत स्वभावाच्या माणसाने ऐन वळणाबाहेर केलेली ती खूण पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली आहे. अंतर होते 0.176 सेकंद. मोतेगीला त्याच वर्षी मार्केझने पुन्हा तोच डाव टाकला आणि पुन्हा तसाच निकाल लागला. कतारला 2018 आणि 2019 मध्येही याच स्वरूपाची झुंज झाली. 2019 चे अंतर तर 0.023 सेकंद एवढेच होते.

2019 च्या ऑस्ट्रियन शर्यतीत मात्र भूमिका उलटल्या. अखेरच्या फेरीत आघाडीवर मार्केझ होता. शेवटून दुसऱ्या वळणातून डोव्हिझियोसो त्याच्यापेक्षा किंचित अधिक वेगाने बाहेर पडला, आणि अखेरच्या वळणावर, जेथे तोवर तो नेहमी बचाव करत आला होता, तेथे त्याने स्वतःच आत मुसंडी मारली. धोका मोठा होता, कारण पुढचे चाक घसरले असते तर हाती असलेले दुसऱ्या क्रमांकाचे 20 गुणही गेले असते. मोटारसायकल सावरली, मार्केझला वाट बदलावी लागली आणि डोव्हिझियोसोने शर्यत 0.213 सेकंदाने जिंकली. त्याची एकच शर्यत पाहायची असेल तर वाचकांनी ही पाहावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

प्रश्न : 2020 साली मार्केझ जखमी होऊन बाहेर होता. तीच संधी डोव्हिझियोसोने का साधली नाही? पुढे त्याचे काय झाले?

उत्तर : संधी आली होती खरी. सप्टेंबरमध्ये मिसानोच्या पहिल्या शर्यतीनंतर तो गुणतालिकेत आघाडीवरही होता. परंतु त्या वर्षी मिशेलिनने मागचा टायर नव्या रचनेचा दिला होता आणि त्याची वाढीव पकड डोव्हिझियोसोच्या ब्रेक लावण्याच्या पद्धतीला मानवली नाही. मागचे चाक हलके सरकवत वेग उतरवण्याची त्याची जी सवय होती, तीच आता मोटारसायकलला पुढे ढकलू लागली. ज्या एका गुणावर त्याने सारी शैली उभारली होती तोच निरुपयोगी ठरला, आणि वयाच्या 34 व्या वर्षी शैली मुळापासून बदलणे सोपे नसते. त्यातच हंगामापूर्वी मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत) चालवताना त्याच्या कॉलरबोनला फ्रॅक्चर झाले होते. डुकाटीशी पुढील करारावर एकमत होऊ शकले नाही. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात शर्यतीच्या आदल्या दिवशी तो संघ सोडणार असल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तेथील शर्यत जिंकली. सर्वोच्च गटातील तो त्याचा पंधरावा आणि शेवटचा विजय. हंगामाअखेरीस 135 गुणांसह तो चौथा राहिला.

2021 मध्ये त्याने एप्रिलियासाठी चाचण्या दिल्या आणि सप्टेंबरपासून तो यामाहाच्या उपसंघाकडून शर्यतींत परतला. यामाहा ही वळणात वेग टिकवून चालवण्याची मोटारसायकल. उशिरा ब्रेक लावून वळण आखूड करणाऱ्या डोव्हिझियोसोला ती अखेरपर्यंत जमली नाही. 2022 च्या हंगामातून त्याने मध्येच निवृत्ती घेण्याचे ठरवले आणि सप्टेंबरमध्ये मिसानोला, जन्मगाव फोर्लिंपोपोलीपासून फार दूर नसलेल्या सर्किटवर, शेवटची शर्यत धावली. वडिलांकडून आलेली मोटोक्रॉसची आवड त्याने कारकीर्दभर सोडली नव्हती. निवृत्तीनंतर त्याने फाएन्झाजवळच्या मोंते कोराल्ली येथील मोटोक्रॉस ट्रॅकच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले.