पेशी विळ्यासारख्या ‘असतात’ की ‘होतात’?

सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या माहितीचा फलक लावायचा आहे, त्यावर ‘रुग्णाच्या तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या असतात’ असं लिहिलं तर चालेल का? सहकारी म्हणतात, कोयता नको, विळा लिहा.

विळा-कोयत्याचं आधी उरकतो. विळाच लिहा. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली ज्या पेशींचं वर्णन केलं त्या लांबट, वळलेल्या, टोकांना निमुळत्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात कोयता म्हटला की ऊसतोड डोळ्यांपुढे येते, आणि त्या कोयत्याचं पातं रुंद, बरंचसं सरळ. शिवाय इकडे ‘एक कोयता’ म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी! कडवळ कापायचा विळा मुलांच्या पाहण्यातला असतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तोच कोडवली, कन्नड घरांत कुडगोलु. ‘दात्रपेशी’ हा शब्दही आहे, पण तो कोशातच बरा.

खरी गोची ‘असतात’मध्ये आहे. ‘असणे’ हे स्थितीचं क्रियापद. ‘त्याचे डोळे घारे असतात’ म्हटलं की ते सकाळ-संध्याकाळ घारेच. या पेशींचं तसं नाही. रुग्णाचीही बहुतेक प्रत्येक तांबडी पेशी चकतीसारखी गोल असतानाच रक्तात उतरते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या, बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल असतं, एवढाच काय तो फरक. ऑक्सिजन धरलेला असतो तोवर हे रेणू सुटे सुटे राहतात आणि काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडला की रेणूची ठेवण बदलते, ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, आणि एकाला एक जोडत लांब ताठ धागे तयार होतात. पोत्यात तुराट्या कोंबाव्यात तसे ते पेशीला आतून ताणतात. पेशी पुन्हा फुप्फुसात पोचली, ऑक्सिजन मिळाला, की धागे विरघळतात आणि ती परत गोल.

म्हणून ‘होतात’. डॉक्टर मंडळी बोलताना ‘सेल सिकल होतात’ म्हणतात, ते व्याकरणाच्या आणि विज्ञानाच्या दोन्ही बाजूंनी चोख आहे. हॅन आणि गिलेस्पी यांनी १९२७ साली हेच दाखवलं होतं: ऑक्सिजन काढून घेतला की पेशी वाकतात, परत दिला की सरळ होतात. काचपट्टीवरची जुनी चाचणीही याच तत्त्वावर चालते. रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन शोषून घेणारं रसायन घालायचं, वर काच ठेवून कडा बंद करायच्या, आणि पेशी वाकतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. त्या ‘असत्या’ तर एवढा खटाटोप कशाला? तान्ह्या बाळांकडे पाहिलं तर ‘असतात’ आणखीच उघडं पडतं. आजार घेऊन जन्मलेल्या बाळाच्या रक्तात पहिले काही महिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते धागे जुळू देत नाही. आजार असतो, पण विळे जवळपास दिसत नाहीत.

मात्र ‘ऑक्सिजन कमी झाला की लगेच विळा’ असंही लिहू नका. धागे जुळायला थोडा अवधी लागतो, आणि बऱ्याच पेशी तेवढ्यात बारीक केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परततात. शर्यत काळाशी आहे. ताप, थंडी, उंचावरची विरळ हवा आणि शरीरातलं पाणी कमी होणं, या सगळ्यांनी ती हरायची शक्यता वाढते. पाणी कमी पडलं की पेशीही आटते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि धागे भराभर जुळतात. सोलापूरचा मे महिना लक्षात घेता पाणी पिण्याची ओळ मी फलकावर सगळ्यात ठळक लिहीन.

आता थोडं ‘होऊन बसणे’बद्दल, कारण मला हे क्रियापद इथे फार आवडतं. वाकणं-सरळ होणं पुन्हा पुन्हा घडलं की पेशीचं आवरण खराब होतं, आणि काही पेशी ऑक्सिजन मिळूनही परतत नाहीत. ‘साधं काम अवघड होऊन बसलं’ यातली जी अडकलेपणाची छटा आहे, तीच इथे हवी: ‘काही पेशी कायमच्या विळ्यासारख्या होऊन बसतात.’ निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, या आजारातली साधारण १० ते २०. रक्तक्षय होतो तो यामुळे, आणि ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना.

तेव्हा फलकावर असं लिहा: ‘या आजारात तांबड्या रक्तपेशींनी शरीरात ऑक्सिजन सोडला की त्या विळ्यासारख्या वाकू शकतात. ऑक्सिजन मिळाल्यावर त्यांतल्या बहुतेक पूर्ववत होतात, पण वारंवार वाकल्याने काही तशाच होऊन बसतात.’

जाता जाता, न विचारलेलं एक सांगतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाला ‘रोगवाहक’ लिहू नका, ‘वाहक’ पुरे. रोगवाहक डास असतात. सिकलसेल स्पर्शाने, पाण्याने, डासाने पसरत नाही, आणि वाहकाच्या पेशी एरवीच्या जगण्यात सहसा वाकतही नाहीत. वर्गात एखादं मूल वाहक निघालं तर त्या एका उपसर्गासारख्या चिकटलेल्या ‘रोग’ने त्याच्या शेजारचा बाक रिकामा व्हायला वेळ लागणार नाही.