एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जावं, की थेट मास्टर्सलाच?

तू विचारलंयस की पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजच्या करारातून जर्मनीत एक सेमिस्टर मिळतंय, फी माफ आहे, राहण्याखाण्याचा खर्च आपला. आणि घरचे म्हणतात, तेवढ्या पैशांत पुढे मास्टर्सला जा.

जा. म्हणजे त्या एका सेमिस्टरला. घरच्यांचं हे वाक्य मी माझ्या थोरल्या काकांच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलंय. इतकी वर्षं झाली तरी ते टोचतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २०१८च्या ऑक्टोबरात ब्रेमेनला गेले. औंधच्या ब्रेमेन चौकातून तू शंभरदा गेला असशील, त्याला ज्याचं नाव दिलंय तेच जर्मनीतलं शहर. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं जर्मन केलं होतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (या खात्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) तेव्हा महिन्याला ७२० युरो धरून पैसे दाखवावे लागायचे, म्हणजे सहा महिन्यांचे ४,३२०. रुपयांत साडेतीन लाखांच्या वर. बाबांनी एफडी मोडली. (२०२४च्या सप्टेंबरपासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो झाला.) हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, दर महिन्याला आपल्याच खर्चाला आपल्याला मिळतात, हे मी काकांना चार वेळा सांगितलं. त्यांचं एकच, "पोरगी सहा महिने हिंडायला चाललीय."

हिंडले मी, नाही म्हणत नाही. सेमिस्टरची वर्गणी भरली की त्यातच ट्राम आणि लोकल गाड्यांचा पास येतो, हॅम्बुर्गपर्यंत चालायचा. पण डिसेंबरात तिथे सव्वाचारला अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी कणीक संपल्याचं लक्षात आलं नाही तर सोमवारपर्यंत ब्रेड. हिंडण्याची हौस नोव्हेंबरात फिटते.

काकांना जे कधी सांगता आलं नाही ते फेब्रुवारीत घडलं. हीट ट्रान्सफरची परीक्षा तोंडी होती. प्रोफेसर, बाजूला नोंदी घेणारा त्यांचा सहायक, आणि माझ्यासमोर एक कोरा कागद. मी इथे पुण्यात दहापैकी नऊच्या वर पॉइंटर असलेली मुलगी. लोकल ऑथरची, परीक्षेपुरती लिहिलेली पुस्तकं पाठ, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवलेले. त्यांनी विचारलं, खोलीतला रेडिएटर खिडकीखालीच का बसवतात?

मी कन्व्हेक्शनची, म्हणजे वाहत्या हवेतून उष्णता जाण्याची, व्याख्या सांगितली. न्यूटनचा कूलिंगचा नियम लिहिला, प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, बरोबर आहे, पण मी खिडकीबद्दल विचारलं. आणि गप्प बसले. चिडून नाही, घाई न करता. आपल्याकडच्या ओरलमध्ये एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, इतका वेळ देतच नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो. चार महिने मी त्याच रेडिएटरवर मोजे वाळवत होते आणि तो तिथे का आहे हे मला एकदाही सुचलं नव्हतं. शेवटी मी खिडकी काढली, काचेजवळची हवा थंड होऊन खाली येते तो बाण काढला, मग खालून वर येणाऱ्या गरम हवेचा. दोन बाण समोरासमोर आले आणि मला कळलं. रेडिएटर दुसऱ्या भिंतीला असता तर ती थंड हवा जमिनीवरून थेट पायांवर आली असती. त्यांनी मान डोलावली आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. १.७ मिळाले, तिकडे हे चांगले गुण. शिक्षण म्हणजे काय हे मला त्या वीस मिनिटांत कळलं, आणि तेवढ्यासाठी मी एफडी पुन्हा मोडायला लावीन.

आता तू जे विचारायला हवं होतंस आणि विचारलं नाहीस ते.

जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. माझ्या मार्कशीटवर १.७, २.३ आणि ३.० होते. माझ्या कॉलेजच्या परीक्षा विभागाने ते दहापैकी धरले. १.७ला मी नापास, ३.०ला त्यातल्या त्यात बरी. मी तिकडचा तक्ता छापून नेला, तर म्हणाले आमच्याकडे असं कन्व्हर्जन नाही. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणायचे परीक्षा विभागाकडे जा, परीक्षा विभाग म्हणायचा एचओडींचं पत्र आणा. त्यात तिकडच्या परीक्षा फेब्रुवारीअखेरपर्यंत आणि इथे सहावं सेमिस्टर डिसेंबरातच सुरू झालेलं. ७५ टक्के हजेरी भरेना, टर्म ग्रँटसाठी, म्हणजे परीक्षेला बसू देण्याच्या मंजुरीसाठी, वेगळी वणवण. निकालावर "विथहेल्ड" (राखून ठेवला) लागलं ते ऑगस्टपर्यंत, आणि तोवर कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्यांना मला बसता आलं नाही. गणपतीत सगळे जमले तेव्हा काका सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, पैसे गेले ते गेले, वर पोरीचं नुकसान. बाबा काही बोलले नाहीत. तेच मला सहन झालं नाही.

नुकसान जर्मनीने केलं नाही, सही न केलेल्या कागदाने केलं. तिकडचं एक सेमिस्टर ३० ईसीटीएसचं, म्हणजे युरोपातल्या ३० क्रेडिट्सचं, असतं. लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे तिकडे काय शिकायचं त्याच्या दोन्ही कॉलेजांमधल्या लेखी करारात, तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाच्या कोडबदली धरायचा हे एकेका ओळीत लिहून घे, ग्रेड बदलण्याचा तक्ता त्यालाच जोड, आणि एचओडी व परीक्षा विभाग दोघांच्याही सह्या घे. नुसती एचओडींची सही माझ्याकडेही होती. सहाव्या सेमिस्टरची हजेरी कशी धरणार तेही लेखी हवं.

आणि "त्यापेक्षा मास्टर्सला जा" याबद्दल. बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी नसते हे खरं (बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७पासून सेमिस्टरला १,५०० युरो लागतात). पण दोन वर्षं जिथे काढायची ते आपल्याला झेपतं का, हे न बघता जायचं? माझा चुलतभाऊ, काकांचाच मुलगा, थेट मास्टर्सला गेला आणि दुसऱ्या सेमिस्टरला परत आला. तो हुशार आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. त्याला तो अंधार आणि एकटेपणा सोसला नाही, आणि तो सोसेल की नाही हे आधी कळायची सोयच त्याला कुणी दिली नाही. मला ती बाबांनी दिली. मी सहा महिन्यांत ठरवलं की मला तिथे राहायचं नाही. आज चाकणला नोकरी करते, तिकडच्या कारखान्यातल्या माणसांशी रोज त्यांच्या भाषेत बोलते. "मग जाऊन उपयोग काय झाला" असं काका अजून म्हणतात. हाच उपयोग झाला, काका.

हे सगळं लिहिलं खरं, पण व्याजाने पैसे काढावे लागणार असतील तर जाऊ नकोस. बाबांची एफडी होती, कर्ज नव्हतं, हा फरक मोठा आहे. मागचे विषय राहिले असतील तरी नको, परत आल्यावर ते काढायला वेळ उरत नाही. पदवीच्या पातळीवर इंग्रजीतून विषय फार थोडे असतात, तेव्हा जर्मन किमान बी१ (मधल्या पातळीचं) हवं. आणि ९० दिवसांच्या वर राहायचं तर नॅशनल व्हिसा (जास्त दिवस राहण्याचा) लागतो, त्याच्या अपॉइंटमेंटला वेळ जातो, म्हणून त्या दोन सह्यांच्या मागे याच आठवड्यापासून लाग.